झेंडी कोणी काढली

लिहून ठेवतो मी, रेल्वेच्या मालगाडी यार्डातला निवृत्त फिटर. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, बायकोला अजून पटलेलं नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने करत आहे.

१. मागची खोली सोडून राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची, तिच्यामागे मुलीची. घर विकण्याबद्दल जावयांनी सल्ला देऊ नये.

२. माझी हत्यारं आणि मागची खोली मेहुण्याला. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

गाडीखाली माणूस असला की रुळावर लाल झेंडी लावायची आणि ज्याने लावली त्यानेच काढायची, हा यार्डाचा नियम. मेहुणा डब्याखाली ब्रेक दुरुस्त करत होता. झेंडी मी लावलेली. साहेबांना गाडी सोडायची घाई, त्यांनी ती उपटली. मी त्यांच्या कानाखाली वाजवली. त्याचं वाईट मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गैरवर्तन म्हणून निलंबन झालं, प्रकरण लवादाकडे गेलं. साहेब म्हणाले, झेंडी नव्हतीच. लवादाने मेहुण्याला विचारलं, तर हा म्हणतो, "मी गाडीखाली होतो, मला काय दिसणार?" आदल्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात सांगत होता, "दाजी, बूट दिसले, हात दिसला, झेंडी उपटताना दिसली."

निलंबन कायम राहिलं. पुढे कामावर घेतलं ते गोदामाच्या फाटकावर. यार्डात पुन्हा पाय ठेवू दिला नाही.

त्याची नोकरी तेव्हा कच्ची होती, आईचं आजारपण होतं, हे मला कळतं. कळलं म्हणून राग गेला नाही. बायको म्हणते, "भांडण तुमचं, भाऊ माझा," आणि त्याला जेवायला बोलावते. तो जेवतो, मी भिंतीकडे बघतो.

३. वकील सांगतात, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तरीही दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी मेहुण्यासाठी रिकामी ठेवत आहे. त्याने वरचं सगळं वाचावं. जन्म भाड्याच्या जागेत गेला त्याचा. खोली हवी असेल तर कागद परत द्यावा, शेजारचे मास्तर सही करतील, मी काही म्हणणार नाही. त्याने सही केली तर खोली आणि हत्यारं मुलीची. खरं सांगायचं तर मला त्याची सही हवी आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे तो
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: औषधांचे दुकानदार (सही)

साक्षीदार दुसरा: मेहुणा (सही)
झेंडी साहेबांनी काढली. मी गाडीखालून पाहिलं. खोली भाचीला द्या.