धोंडोबाची भूक

शनिवार, ३ फेब्रुवारी

उद्या चश्मेवाल्याकडे पटावर कंपाउंडरशी सामना. हरलो तर यंदाचं संपलं! डोक्यात राहत नाही म्हणून लिहून ठेवते.

टिल्लूच्या हातात चेंडू हवा. टिल्लू आमच्या धोंडोबा राक्षसाच्या शेजारच्या घरात हवा. मग राक्षसानं आपलाच गडी उचलायचा आणि पुढं भिरकावायचा. तीन फासे. पहिला भुकेचा – एक पडला तर धोंडोबा टिल्लूलाच खातो. दुसरा फेकीचा. तिसरा टिल्लू पायावर उतरतो का तोंडावर त्याचा. तोंडावर पडला तर चेंडू गेला, डाव गेला.

फेकायचं शेवटच्या डावात. तेव्हा टिल्लू मेला तरी बिघडत नाही. आधीपासून त्याला धोंडोबाला चिकटवून ठेवायचं नाही, समोरच्याला कळतं. आणि मनात दयामाया ठेवायची नाही. माझी नणंद, धाकटी, ठेवते. "अगं वहिनी, बिचारा केवढासा आहे!" लाकडाचा गडी तो! त्याला काय आई रडणार आहे?

रविवार, ४ फेब्रुवारी

जिंकलो. शी!

सोमवार, ५ फेब्रुवारी

काल लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर इस्त्रीला आलेला अजून एक सदरा जाळीन. सकाळी एक जाळला.

शेवटचा डाव. टिल्लूकडे चेंडू. भुकेचा फासा मी टाकला. घरंगळत धाकटीच्या कोपराशी गेला आणि थांबला – एक! लख्ख एक! कंपाउंडर बाटलीतलं पाणी पीत होता. माझा हात गेला. मी पाठवला नाही, गेला. बोटानं कलंडवला आणि ओरडले, "तीन!"

कंपाउंडरनं बाटली खाली ठेवली. "एक होता. मी पाहिला. कुणीतरी हलवला."

चश्मेवाला आला. दुकान त्याचं, मागची खोली त्याची, पट त्याचे. तिथं त्याचा शब्द शेवटचा. "हात कुणाचा लागला?"

आणि मी – मी! – म्हणाले, "अगं धाकटे, कोपर आवर ना! किती वेळा सांगायचं?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. एवढंसंच. मग म्हणाली, "लागलं असेल."

कंपाउंडर म्हणाला, "लागलं नाही, लावलं." चश्मेवाल्यानं फासा परत टाकायला लावला. पाच आला. मग फेक चार, उतरणं चार. टिल्लू दोन पायांवर उभा, रेषेपलीकडे. आमचा गोल! आणि निघताना मी बाहेर चपला घालून वळले, तर चश्मेवाला खाली बघत धाकटीला म्हणाला, "ताई, तुम्ही आता रविवारी येऊ नका."

जिभेला हाड नाही म्हणतात. माझ्या पाठीलाही नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

धाकटी काही बोलत नाही. बोलत नाही म्हणजे, भाजी काय आणू विचारते. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

तिला आहेच काय दुसरं? दिवसभर बाइंडरकडे पानं चिकटवायची, संध्याकाळी नखांतली खळ काढत बसायची. तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, गेले तेव्हा ती आठ दिवस अंथरुणातून उठली नव्हती. या खेळाचा कागद चश्मेवाल्याच्या काचेवर तिलाच दिसला. पण हाताला धरून नेली मी. दोन वर्षं नेते. मी नेते म्हणून कामाखेरीज घराबाहेर पडते बाई.

आणि मीच तिला भिरकावली. धोंडोबाला निदान भूक तरी लागते.

उद्या सांगते चश्मेवाल्याला.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

नाही सांगितलं. गिऱ्हाईकं होती.

(एकच गिऱ्हाईक होतं. तेही चष्मा पुसून घेत होतं.)

रविवार, ११ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटते, पण कागदाशी कसली लपवाछपवी. आज मी गेले. एकटी! मी म्हणत होते, नाही जात. धाकटीच मागे लागली, "संघ अर्ध्यावर सोडतात का? जा. टिल्लूला उजव्या अंगाला ठेव, आज समोर ती नर्स आहे, तिला डावीकडून खेळायची सवय आहे." पिशवीत गडी भरून दिले, फडक्यात गुंडाळून, एकेक.

गेले. खेळले. दोनदा मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा हसताना बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले, "बघितलंस का?" म्हणायला.

तिथून पुढे फासे नुसते टाकत गेले. हरले. बरं झालं.

घरी आले तर म्हणते, "मजा आली का?"

"नाही."

"खोटं. गाल लाल झालेत तुझे."

बुधवार, १४ फेब्रुवारी

उद्या. दुकान उघडताना, गिऱ्हाईक यायच्या आत. काय म्हणायचं ते पाठ केलंय – फासा मी फिरवला, नाव तिचं घेतलं, मला काढा आणि तिला घ्या. चार वाक्यं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं जमायला हवं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं. चारही. उभ्या उभ्या.

चश्मेवाल्यानं हातातली काच खाली ठेवली. म्हणाला, "ठाऊक आहे. नणंदेनं त्याच दिवशी सांगितलं, तुम्ही बाहेर चपला घालत होता तेव्हा."

"मग तिला का काढलं?"

"तीच म्हणाली. 'मला काढा, वहिनीला राहू द्या. दादा गेल्यापासून ती फक्त इथंच हसते. माझं काय, मला हा खेळ कधी आवडलाच नाही.'"