चौथा बोल्ट अर्धा फेरा सैल ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
तळमजला, गळक्या नळाशेजारील दालन.

विषय : इंजिन बदललेल्या व्हॅनमधील घरगुती टेक्याचा चौथा बोल्ट सैल राहू देण्याबाबत, किंवा दोन टेबलांचा क्रम उलटा करण्याबाबत.

संदर्भ : १) इंजिन बदलण्यास आपल्या कार्यालयाने दिलेली लेखी परवानगी.
२) "तपासणी चालू असताना वाहनात फेरफार" या कारणास्तव अर्जदारास मिळालेली नोटीस, खुलाशाची मुदत सात दिवस.

महोदय,

१. वरील नोटिशीचा खुलासा म्हणून हा अर्ज सादर करण्यात येत आहे. अर्जदार हा एका पांढऱ्या व्हॅनचा मालक व चालक असून त्याचे वय एकोणसाठ आहे. त्याच्या पत्नीस दर तिसऱ्या दिवशी डायलिसिससाठी अठ्ठेचाळीस किलोमीटरवरील रुग्णालयात न्यावे लागते. व्हॅन एवढ्याच कामासाठी आहे. मूळ इंजिन गेल्या वर्षी बसले, म्हणून भंगारात निघालेल्या टेम्पोचे इंजिन आपल्या परवानगीने त्यात घालण्यात आले. इथवर कोणाचीच कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. टेम्पोचे इंजिन वजनाने दीडपट आणि स्वभावाने तापट निघाले. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते, ज्यांना गॅरेजवाले माउंटिंग म्हणतात, ते व्हॅनचे जुने माउंटिंग त्याला पुरेना. पहिल्या तपासणीत टेबल क्रमांक पाचच्या तपासनीसांनी बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला व इंजिन चालू करण्यास सांगितले. अर्धे पाणी सांडले. वाहन नापास झाले व ते योग्यच झाले. त्या हादऱ्याची तक्रार पत्नीने पेल्याच्या आधीच केली होती, कारण ज्या हातात सुया टोचतात तो हात परतीच्या वाटेवर ठणकत असे.

३. त्यानंतर अर्जदाराने ट्रकचे कडक माउंटिंग आणून बसवले. शिवाय इंजिन मागेपुढे डुलू नये म्हणून लोखंडी टेका तयार केला. टेक्यासाठी लागणारा अँगल बाजारात मिळतो, हे खरे आहे. परंतु घरातल्या लोखंडी पलंगाचा अँगल त्याच मापाचा निघाला आणि अर्जदाराला धीर नव्हता. पलंग कापल्यापासून दोघेही जमिनीवर गादी घालून झोपतात. पत्नीला सकाळी उठवून उभे करण्याचे काम अर्जदाराकडे आहे. दुसऱ्या तपासणीत इंजिन खांबासारखे स्थिर राहिले, पण त्याचा सगळा थरथराट पत्र्यात उतरला. दारे वाजू लागली, आरसा खाली मान घालून बसला आणि पेला न सांडता चालत चालत बॉनेटच्या टोकावरून खाली गेला. आगीतून फुफाट्यात, असे तपासनीस म्हणाले. त्यांचे चुकले नाही.

४. यावर उपाय सापडला तो अर्जदाराला नव्हे, त्याच्या पत्नीला. तिने बावीस वर्षे शिलाई मशीन चालवले आहे. तिने गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहो, सगळंच आवळून ठेवलंय तुम्ही. मशीनसुद्धा असं आवळलं की ओरडतं. एक जागा मोकळी ठेवा ना त्याला." मग तिने आपल्या मशीनच्या पायाखालचे नरम रबर काढून दिले. ते टेक्याच्या मागच्या टोकाला, चौथ्या बोल्टखाली बसवले. बोल्ट पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घेतला आणि तो निसटू नये म्हणून त्यावर दुसरा नट चढवला. अंगणात काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर दहा मिनिटे ठेवला. थेंब सांडला नाही. पत्नी पुन्हा हात ठेवून म्हणाली, "आता बरं बोलतंय."

५. तिसऱ्या तपासणीपासून खरी अडचण सुरू झाली. आपल्या कार्यालयात वाहन आधी टेबल क्रमांक दोनकडे जाते. तेथील फिटर नियमाप्रमाणे इंजिनाचे सर्व बोल्ट पान्याने पूर्ण आवळतात. नंतर ते टेबल क्रमांक पाचकडे जाते, तेथे पेला ठेवतात. चौथा बोल्ट आवळला की रबर दबते, रबर दबले की गाडी थरथरते, आणि गाडी थरथरली की पेला चालू लागतो. म्हणजे जे टेबल दोनने नियमाने बिघडवले, ते टेबल पाचने नियमाने नापास केले. फिटर सज्जन आहेत. त्यांना सर्व समजावून सांगितले असता ते म्हणाले, "काका, मला पटतंय. पण पाना मला आवळायला दिलाय, सोडवायला नाही."

६. चौथ्या तपासणीस अर्जदाराने त्या बोल्टला "कृपया आवळू नये" अशी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. बोल्ट आवळण्यात आला आणि वाहनावर अनधिकृत मजकूर आढळल्याचा शेरा वेगळा मिळाला.

७. पाचव्या वेळी जे घडले त्याबद्दल नोटीस आहे. टेबल दोन ते टेबल पाच हे अंतर अंगणातून चाळीस पावलांचे आहे. अर्जदार त्या चाळीस पावलांत गाडीखाली शिरून बोल्ट अर्धा फेरा सोडवत असताना फाटकावरील शिपायाने त्याचे पाय पाहिले. नोटिशीतील मजकूर सत्य आहे. पाय अर्जदाराचेच होते.

८. येथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. त्या पाचव्या तपासणीची तारीख पत्नीच्या डायलिसिसच्या दिवशीच आली होती. आज प्रमाणपत्र मिळाले की कायमची ददात मिटेल, या आशेने अर्जदार इकडे आला आणि तिची डायलिसिसची पाळी चुकली. ही चूक कोणत्याही टेबलाची नाही, अर्जदाराची आहे. कार्यालयाचे हेलपाटे घालून अर्जदार थकला आहे. हे वाक्य अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, तरी ते राहू द्यावे.

९. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पुढील गोष्टही आपणहून कळवण्यात येते. गेल्या शनिवारी, पुढच्या पाळीच्या दिवशी, ज्या बसने हल्ली जावे लागते ती आलीच नाही. लागोपाठ दोन पाळ्या चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावलेले आहे. अर्जदाराने थांब्यावरून पत्नीला घरी आणले, चौथा बोल्ट अर्धा फेरा सोडवला आणि प्रमाणपत्र नसलेली व्हॅन रस्त्यावर काढली. त्याबद्दल जो दंड असेल तो मान्य आहे.

१०. विनंती एवढीच की, टेबल पाचचा पेला आधी ठेवावा व टेबल दोनचा पाना नंतर चालवावा. दोन्ही नियम पाळले जातील आणि फाटकाबाहेर गेल्यावर अर्जदार काय करील हे कोणास विचारण्याची गरज पडणार नाही. टेबले हलवणे शक्य नसल्यास आपण स्वतः पाच मिनिटे अंगणात यावे. पेला आणू नये. चालू गाडीच्या पत्र्यावर हात ठेवावा. कुठे ठेवायचा ते अर्जदाराची पत्नी दाखवील.

११. आपल्या नोटिशीत "वाहन स्थिर असल्याचा पुरावा असल्यास सादर करावा" असे म्हटले आहे. तो असा : शनिवारी परतीच्या वाटेवर, रुग्णालयाचे फाटक सुटल्यापासून घराच्या वळणापर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर, पत्नी सुयांचा हात दाराच्या पत्र्याला टेकवून झोपली होती. इंजिन बदलल्यापासून ती गाडीत प्रथमच झोपली. घर आल्यावरही अर्जदाराने बराच वेळ इंजिन बंद केले नाही. हा पुरावा नमुन्यातील कोणत्या रकान्यात लिहावा, ते कृपया कळवावे.

आपला नम्र, आणि आता फाटकावरील शिपायाच्याही ओळखीचा,

(सही)
अर्जदार, पांढरी व्हॅन
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) परवानगीची प्रत.
२) नापास शेरे, एकूण पाच.
३) "कृपया आवळू नये" ही चिठ्ठी, मूळ प्रत.
४) नरम रबराचा तुकडा, नमुन्यादाखल. तो पाहून झाल्यावर परत मिळावा. तिच्या मशीनचा आहे आणि बरे वाटले की ती पुन्हा शिवायला बसणार आहे.