तुमचा सीलबंद कॅमेरा

इंदूर, १२ फेब्रुवारी

प्रिय उन्मेषदादा,

कागदावरचं पत्र बघून तू आधी आईचीच काळजी करशील, म्हणून सांगून टाकते: आई ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. तुझा दौरा रद्द झाल्याचं कळलं तेव्हा तिने दोन दिवस सरकारला शिव्या घातल्या. तुमच्या की आमच्या, ते ठरेना, म्हणून दोन्ही सरकारांना. तुझ्यासाठी आणून ठेवलेली लौंग सेव शेजारच्या शैलजाताईंना देऊन टाकली. "बेकार में नरम होऊन जाईल," म्हणाली. सहा वर्षांनी मुलगा परदेशातून येणार, तोही कंपनीच्या खर्चाने, आणि ऐनवेळी "सुरक्षेच्या कारणास्तव" येत नाही, हे काही तिला पटत नाही. "तो काय बॉम्ब घेऊन येणार होता का?" असं मला रोज विचारते. मी भाजी चिरत राहते.

चार वर्षांपूर्वी आमचा माल अडला, ते तुला तुमच्या बाजूने माहीत आहे. आमच्या बाजूने मी कधी सांगितलं नाही. आम्ही इथे सिमरोलला ड्रोन बनवायचो आणि त्याचा डोळा, म्हणजे अंधारात अंगची ऊब टिपणारा कॅमेरा, तुमची कंपनी द्यायची. मग तुमच्याकडे निवडणूक झाली, नवं सरकार आलं, आणि जिथे लढाई होऊ शकते तिथे असलं काही विकायचं नाही असं ठरलं. आमचे चाळीस कॅमेरे खोक्यांत भरून तयार होते, ते तिथेच राहिले. त्याच आठवड्यात महूच्या लष्करी छावणीतून अधिकारी चाचणी बघायला यायचे होते. आम्ही त्यांना आंधळं ड्रोन दाखवलं आणि गरम कचोऱ्या दिल्या. त्यांनी कचोऱ्या खाल्ल्या. पुढे इकडच्या सरकारचंही फर्मान निघालं की देशी भाग वाढवा, नाहीतर ऑर्डर विसरा.

मग तो डोळा आम्हीच करायला घेतला. सहा जण होतो, दोघं बंगळुरूला पळाले. आमच्या पहिल्या कॅमेऱ्याला हातोदच्या शेतात म्हैस आणि ट्रॅक्टर यांतला फरक कळेना. उन्हात तापलेला ट्रॅक्टर त्याला जिवंत वाटायचा. शेताचे मालक मालोजीराव बांधावर बसून बघायचे आणि विचारायचे, "ताई, ये दवाई छिड़कने वाला है क्या?" नाही म्हटलं की म्हणायचे, "तो फिर किस काम का?" तीन वर्षं ते हेच विचारत राहिले. आता आमचा कॅमेरा म्हैस ओळखतो, माणूस ओळखतो, माणूस वाकून चालतोय की सरळ तेही ओळखतो. चित्र तुमच्यापेक्षा अजून धूसर आहे, खोटं कशाला बोलू? पण बिघडला तर आम्ही तो उघडून बघू शकतो.

मध्यंतरी तुमच्याकडचं वारं पुन्हा फिरलं. लढाई तुमच्याच शेजारी आली, शस्त्रं विकणं एकदम पुण्याचं काम झालं, आणि वाढवलेले कारखाने चालू ठेवायला गिऱ्हाईक हवं झालं. म्हणून तुम्ही भागीदारीचा प्रस्ताव पाठवलात. कॅमेऱ्याचा मुख्य भाग तुमच्याकडून सीलबंद येणार, आम्ही त्याला झाकण लावायचं आणि वर "भारतात निर्मित" छापायचं. सील उघडलं तर करार मोडला. आमच्या दिवाकर सरांना घाई झाली. "शलाका, प्रॅक्टिकली देखो, आपला माल दोन वर्षं मागे आहे," म्हणाले. खरं आहे. पण दोन्हीकडचे मंत्री हात मिळवून फोटो काढतील, आमचं काम कपाटात जाईल, आणि पुढच्या निवडणुकीनंतर तुमचं सरकार पुन्हा बदललं की आम्ही झाकणं घेऊन बसू. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मी मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तुमच्या शिष्टमंडळाची यादी आली तेव्हा तुझं नाव मी सगळ्यांच्या आधी वाचलं. बोलणी तू करणार होतास आणि आमच्या बाजूने तांत्रिक उत्तरं मी देणार होते. आमचे सुरक्षा अधिकारी प्रतापराव, महूहून निवृत्त झालेले, त्यांनी मला बोलावून सांगितलं, "देखो शलाकाजी, भाऊ-बहीण टेबलाच्या दोन बाजूंना नाही चालणार. एक नाम कटेगा. कोणाचं, ते दोन दिवसांत सांगा." मला दोन दिवस लागले नाहीत. दादा, तुझं नाव मी कापलं.

मी बाजूला झाले असते तर तू आला असतास, आईच्या हातचं जेवला असतास, आणि समोर अडून बसणारं कुणी नसल्याने करारावर सहीही झाली असती. प्रतापरावांनी दोघांना बसू दिलं असतं तरी मी तुझंच नाव कापलं असतं, कारण तुला नाही म्हणायची मला सवय नाही. परदेशी निघताना "शलाका आहे ना आईजवळ" म्हणालास, तेव्हाही मी हो म्हणाले. तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं माझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. त्याचा राग यात आहे का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. थोडा आहे. तुझ्या जागी आलेल्या माणसाला मी चार वेळा नाही म्हणाले आणि करार अजून अडलेला आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. आईचं मात्र फार वाईट वाटतं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि तिने सरकारला शिव्या घालायच्या नि मी ऐकायच्या, हे आता सहन होत नाही. पत्र मिळालं की फोन कर आणि हवं ते बोल. त्याच दिवशी मी तिला सांगेन. ती मला काय म्हणेल ते म्हणेल, पण मग विचारेल, "तो आता स्वतःहून येणार का?" ते उत्तर तूच द्यायचं आहेस, म्हणून हे पत्र.

रागावलास तरी तुझीच,
शलाका