मान डोलेपर्यंत

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदाला पिडते आहे. इथे वसतिगृहात सगळं छान आहे असं लिहिणार होते, पण तू लगेच म्हणशील, थापा मारू नकोस. छान नाही गं. खोलीच्या खिडकीतून चॅपलची, म्हणजे इथल्या छोट्या प्रार्थनाघराची, मागची भिंत दिसते. जेवायला बसले की माझ्यासमोरची रिकामी खुर्ची कुणीतरी दुसऱ्या टेबलाकडे ओढून नेतं. फार एकटं वाटतं.

'शांतता आणि संघर्ष' हा विषय शिकायला आलेल्या आम्ही मुली पंख्याच्या वेगावरून रोज भांडतो. हसलीस ना? घरात दोघींचं पटेना आणि ही निघाली जगाची भांडणं मिटवायला, असं तूच म्हणायचीस. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर, इथल्या नन, कडक आहेत. त्यांचा एकच नियम: आधी समोरच्याची बाजू आपण बोलायची, ती ऐकून त्याची मान डोलेपर्यंत आपली पाळी नाही.

वर्गात सरावाला मी आपलंच भांडण घेतलं. तू होऊन म्हणाले, 'धाकटी शिकायला गेली, मी घरात अडकले, म्हणून मला राग आहे.' तुझ्या जागी बसलेल्या मुलीने झटकन मान डोलावली. तिला चहाची घाई होती. सिस्टर म्हणाल्या, ही मान हिची झाली, तुझ्या बहिणीची नव्हे.

तेव्हापासून संध्याकाळी चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसते. प्रार्थना येत नाही, पण तिथे का बसलीस म्हणून कुणी हटकत नाही. काल तिथे तुझं बोलणं सापडलं असं वाटलं: 'धाकटी गेली त्याचं काही नाही. निघताना ती आईच्या गळ्यात पडली, शेजारच्या काकूंच्याही पाया पडली. मला मात्र म्हणाली, आईच्या गोळ्या वेळेवर दे. निरोप सगळ्यांना, मला तेवढ्या सूचना.' बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

शनिवारपासून सुट्टीसाठी वसतिगृह बंद होतंय. जिन्यात सगळ्यांच्या बॅगा आल्या आहेत. सिस्टर म्हणाल्या, कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडे राहा. मी त्यांना ऐटीत सांगितलं, ताई वाट बघतेय. ताई, तुझी बाजू बरोबर मांडली असेल तर पत्र लिहू नकोस, बोलूही नकोस. नुसता एक मिस्ड कॉल दे. तुझी मान डोलली असं समजेन आणि घरी येईन. माझी बाजू राहिली तरी चालेल.

तुझीच,
शेंबडी