अबू नाइलांनी कॉफी खाली ठेवली

आदरणीय वसफी मामा,

रविवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत अबू नाइलांनी कॉफीचा पेला तोंडाला न लावता खाली ठेवला, आणि त्या क्षणी तुमच्या भाच्याचं आयुष्य पालटलं. पण आधी सलाम. तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे? डॉक्टरांनी तुमची कॉफी बंद केल्याचं कळलं. सगळ्या घराला वाईट वाटलं (मामी सोडून). हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझा आवाज ऐकला की पहिल्याच वाक्याला शिव्या देऊन फोन ठेवता. पत्राला तसं करता येत नाही.

तर मामा, मी घरी रिकामा बसलोय हे अरीजताईला बघवेना. तिच्या तिन्ही पोरांना उन्हाळ्याची सुट्टी, ती दिवसभर बँकेत. तिने फर्मान काढलं की हाझिमने पोरांना स्वयंपाक आणि टेबल मांडणं शिकवावं, म्हणजे चौघंही ताळ्यावर येतील. मी लगेच हो म्हटलं, तिला संशय यावा इतकं लगेच. कारण आमच्या स्वयंपाकघराच्या गच्चीतून खाली अबू नाइलांचं अंगण दिसतं (आपल्या सॉल्टमध्ये वरच्याचा उंबरा म्हणजे खालच्याचं छप्पर, हे तुम्हाला सांगायला नको), आणि त्या अंगणात सकाळी त्यांची मुलगी रनीम असते. बाकी तुम्ही समजून घ्या. तुम्हीही कधी तरुण होतात, असं आई सांगते.

पोरं शिकली, मामा. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, रुमालाची त्रिकोणी घडी. एका परातीतून चमच्याने हाणामारी करत जेवणारी ही पोरं आता पाण्याच्या ग्लासखालीही रुमाल घालतात. लमार नऊ वर्षांची आहे, पण ताईने कोपर टेबलावर ठेवलं तर नुसती बघते, आणि ताई कोपर उचलते. इथपर्यंत माझी कीर्ती वाढत होती. मग आम्ही मकलूबा केला. वांगी तळली, कोंबडी शिजवली, भाताचे थर लावले, सगळं पोरांच्या हातून. पातेलं परातीत उलटं करायची वेळ आली तेव्हा पाहतो तर टेबल इतकं नेटकं मांडलेलं की परात ठेवायला वीतभर जागा नाही, आणि लमार एकही काटा हलवू देईना. मी चिडलो (माझा स्वभाव तुम्ही जाणताच, तो तुमच्याच घराण्याकडून आलाय). म्हटलं, ठेवा तुमचे काटे, मी गच्चीच्या कठड्यावर उलटा करतो. परात कठड्यावर ठेवली, बिस्मिल्ला म्हटलं, पातेलं पालथं घातलं. तेवढ्यात खाली रनीम हसली. मी तिकडे बघितलं. धाकटा हतान पातेल्याच्या बुडावर ढोल बडवावा तसा बडवत होता. पातेलं, परात, कोंबडी, सगळं एकदम खाली गेलं, ते रनीमच्या आईने, उम्म नाइलनी, वर्षभराच्या भाजीसाठी वाळत घातलेल्या मलुखियाच्या पाल्यावर.

संध्याकाळी अबू नाइल आले. बाबा कतारला, घरात पुरुष मी एकटा. पोरांनी रीतसर कॉफी आणली, कडू, पेल्याखाली त्रिकोणी रुमाल. त्यांनी पेला घेतला आणि तसाच समोर ठेवला. मामा, काही मागायला आलेला माणूस शब्द मिळाल्याशिवाय कॉफी पीत नाही, आणि पेला गार होऊ देणं ही यजमानाची नाचक्की. मला वाटलं, पाल्याची भरपाई मागणार. छाती पुढे काढून म्हणालो, “काका, कॉफी घ्या. जे मागाल ते दिलं.”

त्यांनी एका घोटात पेला संपवला. “बाळा, गुरुवारी अम्मानहून रनीमला मागणी घालायला माणसं येतायत. मोठी माणसं, काट्या-सुरीने जेवणारी. तुझी ही तीन पोरं टेबल मांडायला पाठव. आणि मकलूबा तूच कर. या वेळी परातीत.”

शब्द देऊन बसलो होतो. जाताना त्यांनी जिन्यात विचारलं की कॉलेज कायमचंच सोडलं का. मी रुमालाच्या घडीबद्दल काहीतरी बोललो.

पत्र बरंच लांबलं. मामींना सलाम, थोरामोठ्यांच्या हातांना मुका.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
हाझिम

ता. क. पातेलं सोमवारी परत आलं. घासलेलं, पोचा ठोकून काढलेला, आत अंजिरं. सोबत रनीमचा लमारजवळ निरोप: “तुझ्या मामाला विचार, जन्मभर भातच उलटा करणार की कुणाला इकडे पाठवणार?”

ता. क. दुसरा. म्हणून विनंती. अम्मानचे लोक उद्या पाचला येणार. तुम्ही आजोबांचा तो मानाचा झगा, अबाया, घालून तीनला सरळ अबू नाइलांच्या बैठकीत जाऊन बसा. मुलगा काय करतो असं विचारलं तर सांगा, सप्टेंबरपासून पुन्हा इरबिदला कॉलेजात जातोय. हे खरं आहे, काल रात्रीपासून. मी आत मकलूबा चढवलेला असेन. शब्द दिलाय, तो करणारच. तो कोणी खायचा ते तुमच्या पेल्यावर आहे.

ता. क. शेवटचा. कॉफी येईल. वास तुमच्यापर्यंत आधी येईल. अबू नाइल “दिलं” म्हणेपर्यंत पेल्याला ओठ लावायचे नाहीत, मामा. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे.

तुमच्या इरबिदची बस लागली आहे, चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती देतो. लमार म्हणतेय, पाकिटाची घडी वाकडी आहे. तशीच खिशात घालतो, निघतो, आणि ती आणखी काही बोलायच्या आत दार ओढून घेतो.