ओलं फडकं

३ मार्च, मंगळवार

बुरशी! दोन महिने जिला आम्ही सर्दी म्हणत होतो, ती बुरशीची ॲलर्जी निघाली.

माझ्या नातीला, भिंगरीला, सिस्टिक फायब्रोसिस आहे हे ती रांगायच्या आधीच कळलं होतं. छातीतला कफ डिंकासारखा चिकट. दोन वेळा मशीनवर औषधाची वाफ, पाठ थोपटून कफ सुटा करणं, जेवताना कॅप्सूल. नऊ वर्षांत सगळं अंगवळणी पडलं. पण जानेवारीपासून छातीत शिट्टी वाजते, ही नवी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा मुलांच्या कफात हवेतली बुरशी अडकून बसते आणि काहींचं अंग तिच्यावर चवताळून उठतं. फुंकायच्या चाचणीत शंभरातले बासष्ट. दिवाळंच! मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर होते. गोळ्या सुरू केल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा फुंकायचं. आकडा चढला नाही तर दवाखान्यात भरती.

“आणि घरात ओल कुठे आहे ते शोधा,” म्हणाल्या.

शोधतो की. सातवीत शाळा सुटली, पण चाळीस वर्षं फाटक्या पुस्तकांची बांधणी केली. कुठल्या पानाला ओल लागलीय ते मला नुसत्या वासावर कळतं.

५ मार्च

न्हाणीघराच्या फरशीच्या फटी ब्रशने घासल्या. खिडकीच्या चौकटीत काळे ठिपके – खरवडून काढले. सिंकखालची फळी सडलेली – फेकली. कंबर धरलीय. भिंगरी दारात उभी राहून हुकूम सोडत होती. मी म्हटलं, धुळीत येऊ नकोस, लांब हो. लांब झाली आणि लांबून हुकूम सोडायला लागली.

६ मार्च

कुंड्या! ओली माती, कुजकी पानं. सूनबाई कामावरून आली तशी चपला काढायच्या आतच तिला सुनावलं. “लेकीच्या छातीपेक्षा झाडं मोठी आहेत का?” असंच म्हणालो. मला लिहिताना सुद्धा बरं वाटत नाही. तिने अकरा कुंड्या एकेक करून खालच्या मजल्यावर शेजारणीकडे नेऊन दिल्या. जेवताना मला भाजी वाढली, नेहमीपेक्षा जास्तच. तेच जास्त लागलं.

९ मार्च

कुंड्या गेल्या, शिट्टी आहेच. आज स्वतःकडे बोट वळवलं. जुनी पुस्तकं म्हणजे ओलीचं आगरच, आणि भिंगरी तर शाळेतून आली की माझ्या कामाच्या टेबलाला चिकटलेली. दोरा ओवून दे, पानं चिकटवायची खळ ढवळ. सगळा पसारा – दाबयंत्र, सुया, खळीचं पातेलं – टेम्पोत घालून छापखानेवाल्या मित्राच्या मागच्या खोलीत हलवला. तो म्हणाला, राहा हवे तितके दिवस, फक्त गाऊ नकोस.

भिंगरी रिकाम्या कोपऱ्यात बसून राहिली. मी तिला छापखान्यात यायला बंदी घातलीय हे कळल्यावर म्हणाली, “मग तुम्ही मला भेटायला येणार, पाहुण्यासारखे?” हसण्यावारी नेलं.

१२ मार्च

सकाळी एकवीस वेळा खोकली. मोजलं.

१७ मार्च, मंगळवार

त्रेसष्ट. एकच वाढला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक आठवडा देते.

बाहेर पडताना नर्सने थांबवलं. मशीन सोबत आणायला तिनेच सांगितलं होतं. म्हणाली, आजोबा, औषध दिल्यावर रोज करता तसं सगळं करून दाखवा. मला हुरूप आला. डिसेंबरात सूनबाईची कामाची पाळी बदलली तेव्हापासून मशीनचं सगळं मीच बघतो, एक दिवस चुकलो नाही. औषधाची वाटी आणि मास्क धुतला, अगदी निगुतीने. मग खिशातलं कामाचं फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, त्यात दोन्ही गुंडाळून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

नर्सने विचारलं, हे ओल्या फडक्यात का?

मी सांगितलं, चाळीस वर्षं खळीचा ब्रश असाच ठेवतो. सुकला की गेला कामातून. धूळ बसत नाही, चीर पडत नाही.

तिने डबा उघडला, वाटी उजेडात धरली. कडेच्या खाचेत पिठाच्या कणीएवढी राखाडी लव.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती खुर्ची पुढे करून म्हणाली, “आजोबा, हे उकळून उघड्यावर कोरडं करायचं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ही आमची चूक.” डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, बुरशी सगळीकडे असते, ह्यानेच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. नवीन वाटी दिली, गोळ्या चालूच ठेवायच्या.

समजूत घालत होत्या. मला काय कळत नाही?

घरी येऊन सूनबाईला समोर बसवून सगळं सांगितलं, फडक्यासकट. कुंड्यांबद्दल हात जोडले. तिने ते हात धरून खाली केले. मी म्हटलं, उद्यापासून मशीनला मी हात लावणार नाही. तेव्हा मात्र चिडली. “ते चालणार नाही बाबा. माझी पाळी सकाळी सहाची. नीट शिकलात ना आता? मग करायचं.”

१८ मार्च

उकळलं. झटकलं. जाळीवर पालथं घातलं. वाळेपर्यंत समोर बसून राहिलो. दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तसा.

२१ मार्च

सकाळी नऊ वेळा. सुट्टी म्हणून सूनबाईनेही मोजलं म्हणे – तिचे आठ. भांडलो.

२४ मार्च, मंगळवार

एकाहत्तर! भरती टळली. मशीनची घडी मी मोडणार नाही, डोळे मिटेपर्यंत.

२५ मार्च

आज वाफ घेताना भिंगरीने मध्येच मास्क खाली केला. “आजोबा, हल्ली ह्याला तुमचा वास येत नाही.”

कसला वास, विचारलं.

“खळीचा. पूर्वी यायचा. मला आवडायचा, म्हणून मी जोरात आत ओढायचे.”