मावशींना रिकामं न बसू देण्याचा उद्योग

ती. अक्काला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (पत्रातच. प्रत्यक्ष वाकलो की मला उठवायला दोन माणसं लागतात).

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. भाऊजींचा खोकला हटत नाही हे वाचून वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. औषधाची बाटली कपाटात ठेवून नुसतं तिच्याकडे बघून बरं व्हायचं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे बाकीचे सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही. माझा या घरात घोर अपमान झाला आहे आणि तो कुणाजवळ बोलायचीही सोय नाही, म्हणून तुला लिहितो. 'रिटायर झालेल्या माणसाला दोन ओळी लिहायला वेळ कसा मिळत नाही' असं तू खवचटपणे विचारलं आहेस, त्याचंही उत्तर यातच मिळेल.

यंदा धाकटा नातूही पूर्ण वेळच्या शाळेत जायला लागला. नात आधीपासून जातेच. सकाळी दोघांच्या पाठीवर दप्तरं चढली, चिरंजीव आणि सूनबाई आपापल्या ऑफिसला पळाले, की दुपार कलेपर्यंत घरात उरतो मी आणि मुलांना सांभाळायला ठेवलेल्या मावशी. (मुलांच्या मावशी, म्हणून सूनबाईच्या मावशी, म्हणून माझ्याही मावशीच. वयाने मला मुलीसारख्या आहेत, पण घरात एकदा हाक पडून गेली की वय कोण विचारतो?) आता मुलंच घरात नसतील तर मुलं सांभाळणाऱ्या बाईने करायचं काय? केरभांडी सांगायची सोय नाही. कामावर आल्या त्या दिवशीच, पायातली चप्पल काढता काढता त्यांनी सांगून टाकलं होतं, 'मी मुलं बघते. भांडी बघत नाही.' बरं, रिकाम्या बसवल्या तर कंटाळणार, आणि कंटाळल्या तर जाणार कुठे, तर थेट खालच्या मजल्यावर. तिथल्या वकीलबाईंना जुळं झालं आहे आणि आपण लहानपणी दुकानाच्या काचेतल्या सायकलकडे बघायचो तशा त्या जिन्यात उभ्या राहून आमच्या मावशींकडे बघत असतात.

तर एका रविवारी सूनबाईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, 'बाबा, मावशी गेल्या तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. तुम्ही त्यांना दिवसभर कशात तरी गुंतवून ठेवा. पण गुंतवलंय असं त्यांना कळता कामा नये. हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं?' अक्का, मी विरघळलो. अख्खा जन्म कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस मी. माझ्या हाताखाली कुणी हातावर हात ठेवून बसलेला मला कधी खपला नाही. काम नसेल तर मी वायसर मोजायला लावत असे, आणि मोजून झाले की पुन्हा मोजायला लावत असे. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली किंमत ओळखली.

सोमवारपासून कामाला लागलो. आमच्या हिचा बटणांचा डबा आहे, तुला आठवत असेल, तो 'चुकून' पलंगाखाली सांडला. मावशींनी एकेक बटण वेचून रंगाप्रमाणे लावलं, सकाळ गेली. मग नातीच्या फ्रॉकची दुमड ब्लेडने उसवली. नातवाचे रंगीत खडू मोडून ठेवले. लोकरीच्या गुंड्याचा असा गुंता केला की तो सोडवताना मावशींची मान दुखून आली. (मला वाईट वाटलं. पण शिस्त ती शिस्त.) रात्री बिछान्यावर पडलो की उद्या काय बिघडवायचं याचा विचार करायचो, आणि खोटं कशाला सांगू, झोप छान लागायची.

पण मला हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. या बाई कामाच्या चोख, पण अंगात जोर नाही आणि लक्ष ठिकाणावर नाही. रोज एक बरणी घेऊन यायच्या, 'आजोबा, हे झाकण काही निघत नाही हो.' मी काढून द्यायचो. दुसऱ्या दिवशी तीच बरणी, तेच झाकण, आदल्या दिवसापेक्षा घट्ट. जुन्या फोटोंचं पाकीट घेऊन यायच्या आणि 'हे कोण, ते कोण' विचारायच्या. तुझा लग्नातला फोटो तर त्यांनी मला इतक्या वेळा विचारला की मला त्यांच्या डोळ्यांची काळजी वाटायला लागली. आणि बटणं! मी कालवायच्या आधीच डबा कालवलेला असायचा. 'आजोबा, बघा ना, पुन्हा सगळी एकत्र झाली. मला नाही जमत, तुम्हीच लावून द्या.' म्हटलं, आपणच कालवून विसरलो की काय? वयच झालं आता. मुकाट्याने मापाप्रमाणे लावून द्यायचो.

शेवटी ठरवलं, चिल्लर कामं पुरे झाली, काहीतरी भक्कम हवं. सूनबाईचं शिवणाचं मशीन आहे, तिच्या आईचं. ती त्याला आईसारखंच जपते. मी त्याचा फक्त एक स्क्रू सैल केला, म्हणजे मावशी तेलपाणी करत बसतील. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन स्क्रू सैल. म्हटलं, मशीन जुनं झालं. आणखी एक सैल केला. असं करता करता गुरुवारी मी चाकाला नुसता हात लावला आणि मशीनचं मुंडकं जमिनीवर आलं. आतून स्प्रिंगा, पट्ट्या, दांडे, काय काय निघालं, सांगता सोय नाही.

त्याच वेळी मावशी गॅलरीत फोनवर बोलत होत्या. आवाज ऐकून धावत येतील म्हणून मी पडद्याआड झालो. (लपलो नाही. पडदा तिथेच होता.) आणि अक्का, मी जे ऐकलं ते कुणा शत्रूलाही ऐकावं न लागो. 'हो ताई. जेवले सगळं. नाही, आज चिडचिड नाही केली. बटणं दिलीत त्यांना, शांत बसलेत. फोटो दुपारी देते, म्हणजे झोप येणार नाही. तुम्ही नका काळजी करू.' पलीकडे कोण होतं हे सांगायला नको. आमची ही गेल्यापासून बाबा गप्प गप्प असतात म्हणे, तेव्हा मुलं शाळेत असताना त्यांना गुंतवून ठेवा, पण कळू देऊ नका, असं सूनबाईने त्यांनाही सांगून ठेवलं होतं! (मी गप्प नसतो. विचार करत असतो.)

मी हातातल्या लांब दांड्यासकट पडद्याबाहेर आलो. म्हटलं, 'मावशी, तुम्ही मला सांभाळता?' त्या दचकल्या, मग त्यांची नजर मशीनकडे गेली. 'आणि हे काय चाललंय, आजोबा?' तेव्हा मलाही सांगणं भाग पडलं. झालं! माझ्यापेक्षा त्याच जास्त भडकल्या. 'मला बटणं निवडायला बसवलं? मला? चार घरची पोरं वाढवलीत मी!' म्हटलं, 'मीही अख्खं स्टोअर चालवलंय!' मग दोघंही दोन खुर्च्यांवर तोंडं फिरवून बसलो. त्यांनी पर्स मांडीवर घेतली. खालून जुळ्यांचं रडणं ऐकू येत होतं आणि मावशी ते फार लक्ष देऊन ऐकत होत्या. घर इतकं शांत याआधी एकदाच झालं होतं, त्याबद्दल लिहीत नाही. बऱ्याच वेळाने त्या मशीनकडे बघून म्हणाल्या, 'तो लांब दांडा उलटा धरला होतात तुम्ही.' मी म्हटलं, 'मुळीच नाही.' आणि ते सिद्ध करायला खाली बसलो. त्याही बसल्या.

तर अपमान हा असा आहे. सूनबाईला जाब विचारायचा म्हटलं तर ती आधी मशीनबद्दल विचारेल. म्हणून गिळून बसलो आहे. बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, आणि बाटलीला त्यांचा हात लागो.

तुझा,
सांभाळलेला भाऊ

ता. क. पुढच्या शनिवारपासून शाळेला सुट्टी लागते. दोन्ही मुलांना आठवडाभर तुझ्याकडे बोलाव. तू स्वतःहून बोलावते आहेस असं वाटलं पाहिजे. मशीन चादरीवर मांडून माझ्या पलंगाखाली ठेवलं आहे, आणि नातवाला स्क्रू दिसला की तो आधी तोंडात घालतो. आम्हा दोघांना आठवडा पुरेल.

ता. क. २. वकीलबाईंनी मावशींना पुन्हा विचारलं आहे. त्या काय म्हणाल्या हे मी विचारलेलं नाही. मला काही फरक पडत नाही. फक्त कुठला दांडा कुठे जातो हे अर्धं त्यांच्या डोक्यात आहे, एवढंच.

अक्का, नमस्कार. मी मावशी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घालते. गुरुवारपासून आजोबा फार धुसफुसत होते, म्हणून मीच म्हटलं की अक्कांना सगळं लिहून काढा. सकाळपासून बसलेत, एकदाही चिडले नाहीत. मुलांना नक्की बोलवा. वकीलबाईंना मी काल नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अहो, दिवसभर तिथे आता मूल तरी कुठे आहे?' म्हटलं, आहे एक. अजून शाळेत घातलेलं नाही.